दाण्यातली ओल

दिवाळीच्या आगेमागे येवल्यात रस्ते पिवळे होतात. मनमाड-नगर हमरस्त्याच्या कडेला, घरांच्या गच्च्यांवर, जिथे म्हणून चार हात सपाट जागा मिळेल तिथे मका वाळत पडलेला असतो. बिट्या मळणी यंत्रात गेल्या, दाणे सुटे झाले, तरी काम संपत नाही. अनवाणी पायांनी त्या थरात रेघा ओढत बायामाणसं फिरत असतात. खालचा दाणा वर, वरचा खाली. संध्याकाळी आभाळ भरून आलं की ताडपत्र्यांची धावाधाव. ही सगळी उठाठेव एका आकड्यासाठी असते. बाजार समितीच्या आवारात किंवा अंदरसूलच्या उपबाजारात ट्रॉली लागली की व्यापारी कोपरापर्यंत हात खुपसून तळचा मूठभर दाणा काढतो, एखादा दाताखाली धरून पाहतो आणि उरलेले यंत्राच्या पेल्यात ओततो. मॉइश्चर किती? हमीभावाच्या खरेदीला चौदा टक्क्यांच्या आत ओल लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाले, ते असा वाळलेला मका धरून. यंत्रावर अठरा, वीस, बावीस दिसले की बोली खाली येते.

चौदाचा आग्रह बुरशीपायी आहे. त्याहून ओला मका गोदामात तापतो, त्याला बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिनसारखं विष कोंबडीखाद्यात उतरतं. गंमत अशी की जगभरातल्या पॉपकॉर्नवाल्यांचा जीवही याच आकड्याभोवती घुटमळत असतो. त्यांना दाण्यात साडेतेरा ते चौदा टक्के ओल हवी असते. त्याहून फार खाली गेली तर दाणा अर्धवट उघडतो, फार वर गेली तर साल लवकर फाटून फुलं घट्ट आणि चामट होतात.

येवल्याचा मका मात्र अगदी चौदावर आणला तरी फुलत नाही. कढईत टाकला तर तपकिरी होतो, तडकतो, फार तर अंगावर एक चीर पाडून घेतो. हा मका कोंबड्यांचा, स्टार्चच्या कारखान्यांचा आणि अलीकडे इथेनॉलचा. पॉपकॉर्नचा मका याच जातीचा, पण वेगळ्या घराण्यातला. त्यामुळे नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेच्या यात्रेत काचेच्या पेटीत जे पॉपकॉर्न उडत असतं, त्याचा दाणा पोत्यात भरून बाहेरून आलेला असतो. चहूकडे मका आणि खाऊचा मका परगावचा.

आता हे काही दुःखाचं प्रकरण नव्हे. पण पॉपकॉर्नची गोष्ट मुळापासून पाहायला घेतली की ती खाऊपुरती राहत नाही. माणसाने मका पहिल्यांदा हाताशी धरला तो बहुधा फोडून खाण्यासाठी, असं म्हणायला चांगली जागा आहे. आणि दाणा फोडायची विद्या आपल्याकडे मका यायच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. म्हणजे येवल्यासारख्या गावात मकाही आहे आणि विद्याही आहे. दोघांची गाठ तेवढी पडलेली नाही.

विद्या कुठे आहे ते पाहायला लांब जायला नको. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पैठणीच्या विणकराच्या घरात, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर, रस्त्यावरच्या टपरीत, पाटावर साळीच्या लाह्या आणि बत्तासे असतातच. फराळाला चकली-चिवड्याचा थाट असला तरी लक्ष्मीपुढे मान लाह्यांचा. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या. गोपाळकाल्यात दह्याबरोबर लाह्या. लग्नात लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या अग्नीत पडतात; हा विधी गृह्यसूत्रांइतका जुना. पोटात पाणी ठरत नसेल तर लाह्यांचं पाणी. चरकसंहितेतही लाजमंड सांगितलेला आहे. आणि कितीतरी गावांत माणूस शेवटच्या वाटेने निघतो तेव्हाही पुढे लाह्या उधळल्या जातात. जन्मभरात इतक्या ठिकाणी हजेरी लावणारा दुसरा खाद्यपदार्थ शोधून काढा.

ज्वारीची लाही घरी करायची रीत एकदा नीट पाहण्यासारखी आहे. दाणा गोल, टणक आणि त्याच हंगामाचा हवा. पाणी कढत करायचं, आचेवरून उतरवायचं, त्यात ज्वारी सोडायची आणि थोड्या वेळात उपसून घ्यायची. फार वेळ ठेवली तर शिजते. मग निथळून, ओलसर फडक्यात घट्ट बांधून रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी सावलीत पसरायची. दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे, पण आतून नाही. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवायची, मूठभरच दाणे टाकायचे आणि सुती फडक्याच्या बोळ्याने ते भराभर फिरवत राहायचं. मूठ मोठी झाली की कढई थंडावते आणि सगळा घाणा बिघडतो. भडभुंज्याच्या भट्टीवर हेच काम तापलेल्या वाळूत चालतं. वाळू दाण्याला सगळ्या अंगाने एकसारखी धग देते, आणि चाळणीचा एक हिसडा दिला की वाळू खाली, लाह्या वर. साळीच्या लाहीला तर भात टरफलासकट लागतो. सडीक तांदळाची लाही होत नाही, कारण आतली वाफ कोंडून धरायला टरफल हवं.

या सगळ्या खटाटोपात बाई करत काय असते? दाण्यात नेमकी ओल भरते आणि ती बाहेर पडायच्या आत त्याला कडक आच देते. तिच्याकडे यंत्राचा पेला नाही. बोटांच्या चिमटीतला दाणा आणि आधीच्या वर्षांचा अनुभव, एवढ्यावर ती हव्या त्या ओलीपाशी पोचते. यात मी काही भावुकपणाने तिचं कौतुक करत नाही. घाणा साधला की बिघडला हे तिला कढईच लगेच सांगते, आणि नागपंचमीच्या दिवशी बिघडलेला घाणा घरात वर्षभर ऐकवला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मध्यंतरी लाह्यांसाठी म्हणून ज्वारीचा खास वाण काढला, त्याचं नाव 'फुले पंचमी'. सणावरून धान्याच्या वाणाचं नाव ठेवणारं विद्यापीठ मला आवडतं.

*

आता मक्याचा दाणा. पॉपकॉर्नच्या दाण्याचं साल विलक्षण घट्ट असतं आणि आतला पिठूळ भाग थोडा, काचेसारखा कडक स्टार्च जास्त. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. कुकरची शिट्टी बंद करून ठेवावी तसा दाब चढत जातो. साधारण १८० अंश सेल्सिअसला तो बाहेरच्या हवेच्या नऊदहा पट होतो. तोवर आतला स्टार्च मऊ, वितळल्यासारखा झालेला असतो. साल फुटतं, दाब एकदम उतरतो, वाफ फुगते, तिच्याबरोबर स्टार्च फुगतो आणि त्याच क्षणी थंड होऊन जागच्या जागी थिजतो. घनफळ चाळीस पट होऊ शकतं. २०१५ साली एमॅन्युएल व्हिरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या फ्रेंच संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने ही घटका टिपली. सालाच्या फटीतून आधी स्टार्चचा एक पाय बाहेर येतो, भांड्याच्या तळावर दाबला जातो आणि त्या रेट्याने दाणा उडी मारतो. 'फट्' असा आवाज मात्र साल फाटल्याचा नसून दाबातून सुटलेल्या वाफेचा असतो, असं त्यांचं अनुमान.

येवल्याच्या संकरित मक्यात पिठूळ भाग भरपूर आणि साल त्या मानाने दुबळं. वाफ चोरवाटांनी निसटते, दाब चढतच नाही. गणित एवढंच आहे.

पण आधी कोण? पिठूळ मका आधी आणि पॉपकॉर्न ही मागाहून काढलेली चैन, असं आपण गृहीत धरतो. शास्त्रज्ञांच्या एका फार मोठ्या भांडणाने हा समज उलटा केला, आणि ते भांडण या गोष्टीतला सर्वांत रंगतदार भाग आहे.

मक्याचं कोडं असं की रानात मका कुठेच सापडत नाही. गहू, भात, बार्ली यांचे रानटी भाऊबंद ओळखू येतात. मक्याचे येत नाहीत. मेक्सिकोत तेओसिंते नावाचं एक गवत आहे. खोड-पानं मक्यासारखी, पण कणीस म्हणजे बोटाच्या पेराएवढी, पाचदहा दाण्यांची शेंडी आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. दात मोडतील पण दाणा मिळायचा नाही. असल्या गवताच्या मागे माणूस कशाला लागेल?

हार्वर्डचे पॉल मॅंगल्सडॉर्फ म्हणत, लागलाच नाही. मक्याचा पूर्वज हा रानटी मकाच होता, तो आता नष्ट झाला. तेओसिंते हा मागाहून झालेला संकर. दुसऱ्या बाजूला जॉर्ज बीडल. कॉर्नेलमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी मका आणि तेओसिंते यांच्या संकरावर काम केलं होतं आणि त्यांना दोघं एकाच घरातले वाटत होते. मग कवचाचं काय? १९३९ साली बीडल यांनी याचं जे उत्तर दिलं ते कुणाही भडभुंज्याला पटलं असतं. त्यांनी तेओसिंतेचे दाणे तापवले. कवच तडकून पांढरी लाही बाहेर आली. ना जातं लागलं, ना दळण. विस्तवाच्या काठाशी बसलेल्या कुणाला तरी हे गवत खायचं आहे हे असं कळलं असेल, असा त्यांचा तर्क.

पुढे बीडल दुसऱ्याच कामात गेले, बुरशीवरच्या प्रयोगांसाठी १९५८ चं नोबेल मिळालं, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. निवृत्त झाल्यावर म्हातारा पुन्हा मक्याकडे वळला. मेक्सिकोत मका-तेओसिंते संकराच्या दुसऱ्या पिढीची सुमारे पन्नास हजार झाडं लावली आणि मोजली. पाचशेत साधारण एक झाड थेट मक्यावर नाहीतर थेट तेओसिंतेवर गेलेलं निघालं. म्हणजे दोघांत फरक करणारे मुख्य जनुक मोजून चारपाच. तेओसिंतेचं पीठ आठवणीने स्वतः खाऊनही पाहिलं, पचतं की नाही यासाठी. नोबेल मिळालेल्या माणसाने गवताच्या भाकरीवर दिवस काढावेत, हे मला त्याच्या नोबेलपेक्षा मोठं वाटतं. पुढच्या पिढीत जॉन डोबली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या पुराव्याने बीडल यांची बाजू पक्की केली. २००२ सालच्या त्यांच्या कामानुसार मका एकदाच माणसाळला, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या तेओसिंतेपासून. त्याच खोऱ्यातल्या शिवातोश्त्ला नावाच्या खडकाच्या कपारीत ८,७०० वर्षांपूर्वीच्या दगडी अवजारांवर मक्याचे सूक्ष्म अवशेष मिळाले, हे २००९ साली प्रसिद्ध झालं.

भांडण बीडल जिंकले. पण ज्या मुद्द्यावर दोघांत भांडण नव्हतंच तो मुद्दा हा: मॅंगल्सडॉर्फ यांचा तो हरवलेला रानटी मकादेखील फुटणाराच होता. त्यांच्या हार्वर्डमधल्या हर्बर्ट डिक आणि अर्ल स्मिथ यांनी १९४८ साली न्यू मेक्सिकोतल्या बॅट केव्ह या गुहेत खोदकाम केलं, तेव्हा दोन इंचांहूनही आखूड अशी कणसं मिळाली आणि काही दाणे फुटलेले मिळाले. आधी त्यांचं वय पाच-साडेपाच हजार वर्षं धरलं गेलं. पुढच्या कालमापनात ते बरंच खाली आलं. मग २०१२ मध्ये पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरून बातमी आली. पारेदोनेस आणि वाका प्रिएता इथल्या उत्खननात ६,७०० वर्षांपर्यंत मागे जाणारी मक्याची बुरकुंडं, पानं, तुरे मिळाले आणि तिथली माणसं मका फोडून खात असल्याचे पुरावेही. महत्त्वाचं असं की त्या भागात तेव्हा मातीची भांडीसुद्धा नव्हती. भांडं यायच्या आधी लाही आली. कणीस निखाऱ्यावर धरलं की झालं.

अमेरिकेत शाळाशाळांतून सांगतात की १६२१ च्या पहिल्या 'थँक्सगिव्हिंग'ला एका आदिवासी सरदाराच्या भावाने हरणाच्या कातड्याच्या पिशवीतून पॉपकॉर्न आणलं. तशी नोंद त्या काळच्या कुठल्याच कागदात नाही. ती कथा १८८९ सालच्या एका कादंबरीतून पसरली. पुरावा हवा असेल तर स्पॅनिश धर्मगुरूंकडे जावं. बर्नार्दिनो द साहागून हे फ्रान्सिस्कन साधू १५२९ मध्ये मेक्सिकोत उतरले आणि पुढची अनेक दशकं आझ्टेक लोकांकडून त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत माहिती उतरवून घेत राहिले. त्यात मोमोचित्ल येतो: भाजला की फुटून पांढऱ्या फुलासारखा होणारा मका. मुली त्याच्या माळा डोक्यावर घालून नाचत. आणि पाण्याच्या देवाला तो वाहत, तेव्हा म्हणत की या गारा आहेत. गारपिटीने द्राक्षं आणि कांदा झोपलेला पाहिलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ही पूजा समजावून सांगावी लागत नाही. जे आकाशातून पडू नये ते आधीच देवाच्या पायाशी ठेवायचं.

*

त्याच मेक्सिकोत आणखी एका दाण्याच्या लाह्या होत असत, आणि तिथे आपली गोष्ट फार जवळ येते. राजगिऱ्याच्या. आझ्टेक लोक राजगिरा भाजून, फुलवून, मधात किंवा निवडुंगाच्या पाकात मळून देवांच्या मूर्ती करत आणि पूजेनंतर त्यांचे तुकडे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्या प्रसादाची विटंबना दिसली आणि त्यांनी ती चाल मोडून काढली. आज मेक्सिकोत तीच वडी 'आलेग्रिया' नावाने रस्त्यावर विकतात. ती हातात घेतली तर आपल्याकडचा कुणीही एकच म्हणेल: चतुर्थीची वडी.

राजगिरा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद. आपला उपवास जवळजवळ सगळा अमेरिकेतून आलेला आहे. ही यादी पुष्कळांनी सांगितली आहे, ती पुन्हा सांगायचं कारण वेगळं. मेक्सिकोच्या दोन लाह्यांपैकी एक आपल्या देवघरात गेली, एकादशीला चालू लागली, तिला कुणी परकी म्हणत नाही. दुसरी रस्त्यावर राहिली. मका उपवासाला चालत नाही, लक्ष्मीपुढे चालत नाही, लाजाहोमाला चालत नाही. कुठला दाणा सोवळ्यात आणि कुठला ओवळ्यात, याला शास्त्रापेक्षा रिकाम्या जागेचं कारण असावं असं माझं मत. धान्य-डाळी बाजूला ठेवायच्या उपवासात खायला काही तरी हवं होतं आणि राजगिऱ्याने ती जागा भरली. लाही म्हणून मात्र साळ आणि ज्वारी आधीच पाटावर बसलेल्या होत्या. मक्याला पाट शिल्लक नव्हता.

मका आपल्याकडे आला कधी, याचंही एक भांडण आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात, असं साधारण मानतात. पण म्हैसूरजवळच्या सोमनाथपूरला तेराव्या शतकातलं, होयसळ काळातलं केशव मंदिर आहे. तिथल्या मूर्तींच्या हातांत दाणेदार, कणसासारखं काहीतरी आहे. १९८९ साली कार्ल योहानसेन आणि ॲन पार्कर यांनी ते मक्याचं कणीस असल्याचं मांडलं, म्हणजे कोलंबसाच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी मका कर्नाटकात! एम. एम. पायक आणि जे. के. एस. सचान या आपल्याच मकातज्ज्ञांनी तो दावा खोडून काढला. त्यांच्या मते हातात आहे ते मोत्यांनी मढवलेलं मुक्ताफळ. पायक-सचान यांचं म्हणणं मला पटतं, कारण दगडातल्या कणसाला जोड म्हणून मातीत एक तरी जळका दाणा मिळायला हवा.

सिक्कीममध्ये मात्र एक जुना मका खरोखर आहे. एन. एल. धवन यांनी १९६४ मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. एकेका ताटाला अनेक छोटी कणसं लागतात, आणि दाणा फुटतो. त्याला 'सिक्कीम प्रिमिटिव्ह' म्हणतात. तो तिथे कसा पोचला यावरून वाद झाले, पण डोंगरातल्या शेतकऱ्यांनी तो जपला.

येवल्याच्या बाजूला मक्याचं आजचं साम्राज्य तसं अलीकडचं आहे. हा अवर्षणाचा पट्टा. पालखेडच्या डाव्या कालव्याचं पाणी शेवटाला येता येता बारीक होतं. जुनं पीक बाजरीचं. देशात १९५७ साली मक्याचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला, १९६१ मध्ये 'गंगा', 'रणजित', 'डेक्कन' असे पहिले संकरित वाण आले, आणि पुढे कुक्कुटपालन वाढलं तसा नाशिक जिल्ह्यात मका पसरत गेला. पावसावर येतो, जनावरांना चारा देतो, मुरघास होतो, दाणा रोखीत जातो. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळीने देशात पाय ठेवला तरी शेतकऱ्याने मका सोडला नाही. खायला म्हणून मात्र मका आपल्या ताटात कणसापुरताच. पावसाळ्यात भाजलेलं, लिंबू-तिखट लावलेलं.

*

फुटणारा मका मधल्या काळात शहरात जाऊन बसला होता. १८८५ साली चार्ल्स क्रेटर्स शेंगदाणे भाजायचं यंत्र घेऊन शिकागोत आला. वाफेच्या इंजिनावर ते चालवताना त्याला सुचलं की याच आचेवर पॉपकॉर्नही होईल. त्याआधी ते जाळीच्या टोपलीत विस्तवावर हलवत करायचे आणि मीठ-लोणी वरून ओतायचे. क्रेटर्सच्या यंत्रात दाणा डुकराची चरबी आणि तूप यांच्या मिश्रणातच फुटू लागला, चव आतपर्यंत गेली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची गाडी उभी होती. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली, जिथे विवेकानंद बोलले. ब्राह्म समाजातर्फे मुंबईचे बी. बी. नगरकरही बोलले. मराठी माणूस पॉपकॉर्नच्या इतक्या जवळ याच्या आधी क्वचितच गेला असेल. चरबीची भानगड कळली असती तर लांबच राहिला असता.

सिनेमाने सुरुवातीला पॉपकॉर्नला दारात उभं केलं नाही. मूकपटांची थिएटरं राजवाड्यासारखी सजवलेली, गालिचे घातलेली. त्यांत कुरुमकुरुम नको आणि सांडलवंड नको. १९२७ नंतर बोलपट आले, आवाजात आवाज मिसळला. मग महामंदी आली आणि पाचदहा सेंटांची पिशवी हीच काय ती परवडणारी चैन उरली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग झालं, मिठाई दुर्मीळ झाली आणि अमेरिकन माणूस आधीच्या तिप्पट पॉपकॉर्न खाऊ लागला. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी रडारच्या मॅग्नेट्रॉनसमोर मक्याचे दाणे धरून फोडले. मायक्रोवेव्हचा तो जन्म.

आपल्याकडे ते या सगळ्याच्या शेवटी, मल्टिप्लेक्सच्या दारातून, तिकिटापेक्षा महाग होऊन आलं. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली तेव्हा देशभर चर्चा झाली ती पॉपकॉर्नची: मीठ-मसाल्याचं सुटं असेल तर ५ टक्के, पाकीटबंद १२ टक्के, कॅरमेलचं म्हणजे साखरेचं असेल तर १८ टक्के, असा तेव्हाचा कर. बत्ताशांसोबतची लाही कुठल्या रकान्यात बसवायची, हा प्रश्न सुदैवाने कुणी विचारला नाही.

राहिला प्रश्न येवल्यात पॉपकॉर्नचा मका पिकेल का, याचा. पिकेल. 'अंबर पॉपकॉर्न', 'पर्ल पॉपकॉर्न' असे भारतीय वाण आहेत, जमीन आणि हंगाम दुसऱ्या मक्याचाच. मग लावत का नाहीत, तर उतारा संकरित मक्यापेक्षा बराच कमी, आणि बाजार समितीत त्याला वेगळी बोली नाही. गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल तर तो कोंबडीच्या भावाने जायचा. शिवाय एक नाजूक अडचण आहे. मक्याच्या कणसातून जे रेशमी धागे बाहेर लोंबतात, त्यातला एकेक धागा एकेका दाण्याचा. शेजारच्या शेतातल्या तुऱ्यांचा पराग वाऱ्याने त्या धाग्यावर पडला की त्याच हंगामात, त्याच दाण्यात बापाचा गुण उतरतो. पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. श्रावणात येवल्याच्या शिवारात मैलोगणती संकरित मका तुऱ्यावर असतो. त्याच्या मधोमध पॉपकॉर्नचं एकुलतं वावर म्हणजे दाणा बिघडायला आमंत्रण. अमेरिकेतल्या बहुतेक पॉपकॉर्न वाणांत यावर निसर्गाचाच इलाज आहे: त्यांच्या अंगात असा एक जनुक असतो की परक्या मक्याचा पराग धाग्यावर पडला तरी रुजत नाही. ज्या वाणात तो नाही, त्याला शेजाऱ्यापासून लांब तरी लावायचं किंवा पेरणी मागेपुढे करून तुरे एकाच वेळी येऊ द्यायचे नाहीत.

खळ्यावरचं कामही वेगळं. हा मका घाईने मळणी यंत्रात घालता येत नाही. बिट्याच सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू वाळवायच्या. दाणा चौदापर्यंत उतरायला आठवडे लागले तर लागू द्यायचे. मग हाताने किंवा सौम्य यंत्राने दाणे सोडवायचे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी २००५ साली न फुटणाऱ्या दाण्यांचा अभ्यास केला, तेव्हा खोट सालात निघाली. साल जिथे वाफ धरून ठेवण्यात कमी पडतं तिथे ओल फुटण्याआधीच निसटते, मग आच कितीही द्या. कडक उन्हात किंवा यंत्राच्या मारात सालाला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली तरी तेच होतं, आणि कढईच्या तळाशी उरतात ते नुसते गणंग.